भावपत्रकाचं पहिलं पान

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात दुकानांच्या पाट्यांवर 'ठोक व चिल्लर विक्रेते' हे शब्द सर्रास दिसतात. चिल्लर म्हणजे किरकोळ आणि ठोक म्हणजे घाऊक. चिल्लर गिऱ्हाइकाला दुकान दिसतं, मालाला हात लावून पाहता येतो. ठोक व्यापारात तसं होत नाही. पुसदच्या, वणीच्या किंवा उमरखेडच्या दुकानदाराला नागपूर, अकोला, अमरावतीहून माल मागवायचा असतो, तेव्हा त्याच्यापुढे माल नसतो, मालाची छापील यादी असते. कुणी तिला कॅटलॉग म्हणतं, कुणी भावपत्रक, तर कुणी नुसतं 'लिस्ट'. या यादीचं पहिलं पान, म्हणजे तिचं मुखपृष्ठ, कसं असावं याबद्दल आज बोलायचं आहे.

कवीनं या विषयात का पडावं, असं कुणालाही वाटेल. पण तालुक्याच्या गावात कवी म्हणून नाव झालं, की लोक लग्नपत्रिकेचा मजकूर, दुकानाच्या उद्घाटनाचं निमंत्रण आणि भावपत्रकावरच्या चार ओळी हक्कानं लिहून मागतात. थोड्या जागेत नेमकं सांगायचं, हे काम कवितेतही करावं लागतं आणि मुखपृष्ठावरही. गझलेच्या पहिल्या शेराला मतला म्हणतात. काफिया आणि रदीफ काय असणार हे मतल्यात ठरतं आणि पुढच्या प्रत्येक शेराला ते पाळावं लागतं. अमरावतीच्या सुरेश भटांमुळे हे शब्द मराठी घरांत ओळखीचे झाले. मुखपृष्ठ हा यादीचा मतलाच समजा. तिथं जे कबूल केलं, ते आतल्या प्रत्येक पानानं निभवायचं असतं.

चित्रावरून ओळखलं जाणारं कापड

छापील कॅटलॉग आपल्याकडे रुळण्याच्या आधीपासून ठोक मालाला 'चेहरा' देण्याची रीत होती, आणि तिचा आपल्या कापसाशी जवळचा संबंध आहे. वऱ्हाडचा कापूस एकोणिसाव्या शतकात गाठी बांधून मुंबईला आणि तिथून बोटीनं इंग्लंडला जायचा. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूर-यवतमाळ हा अरुंद रेल्वेमार्ग, म्हणजे आपली 'शकुंतला', मुख्यतः या कापसासाठीच टाकला गेला. तिकडच्या गिरण्यांत विणलेलं कापड परत हिंदुस्थानच्या बाजारात यायचं. त्या कापडाच्या थानांवर एक रंगीत छापील कागद चिकटवलेला असे. त्याला टिकिट म्हणत. त्यावर देवदेवता, हत्ती, वाघ, मोर, राजेरजवाडे अशी चित्रं असत.

ही टिकिटं केवळ शोभेसाठी नव्हती. मँचेस्टरचा निर्यातदार, मुंबईचा ठोक व्यापारी, तालुक्याचा दुकानदार आणि बाजारहाटाला आलेली बाई, या चौघांची भाषा वेगळी होती. त्यांतल्या अनेकांना वाचता येत नव्हतं. पण चित्र सगळ्यांना ओळखता यायचं. मागच्या वर्षी घेतलेलं मोराच्या छापाचं कापड टिकलं, तर यंदाही मोराचंच द्या, असं सांगता यायचं. म्हणून चित्र हे मालाच्या दर्जाचं नाव झालं. व्यापारी आपापली चित्रं जपत. इंग्लंडात १८७५ साली व्यापारचिन्हांच्या नोंदणीचा कायदा झाला, तेव्हा सुती कापडाच्या चिन्हांसाठी मँचेस्टरला वेगळी व्यवस्था करावी लागली, इतका हा पसारा मोठा होता.

यातून कळतं ते असं, की ठोक मालावरचं चित्र एका माणसासाठी नसतं. ते तीन-चार हातांतून जातं आणि शेवटच्या हातात पोचेपर्यंत त्याचा अर्थ तोच राहावा लागतो.

चित्रकलेचे मास्तर आणि लोखंडी नांगर

दुसरं उदाहरण आपल्या मराठी मुलखातलं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले होते. त्यांना काही रंगांतला फरक ओळखता येत नाही, हे पुढे लक्षात आलं. रंगचित्रं सोडून त्यांनी यांत्रिक रेखाटनाची वाट धरली आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवू लागले. पुढे त्यांनी कडबा कापण्याचं यंत्र आणि लोखंडी नांगर बनवला. लोखंडानं जमीन विषारी होते, अशी त्या काळी शेतकऱ्यांची समजूत होती. सुरुवातीचे सहा नांगर विकायला दोन वर्षं लागली, असं सांगितलं जातं. १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली आणि कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोचावी म्हणून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' हे पत्रक निघालं. त्याचे संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकार होते. त्याच पत्रकाचं पुढे 'किर्लोस्कर' मासिक झालं आणि मराठी वाङ्मयात त्यानं आपली जागा केली.

मालाची माहिती देणारा कागद किती दूर जाऊ शकतो, याचं हे उदाहरण. पण मला त्यातली आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. यंत्राचं रेखाटन करणारा माणूस खोटं काढू शकत नाही. जिथं बोल्ट आहे तिथंच तो दाखवावा लागतो, नाहीतर यंत्र जुळत नाही. भावपत्रकाच्या मुखपृष्ठावर असाच यांत्रिक रेखाटनाचा प्रामाणिकपणा हवा.

पाहणारा कोण आहे?

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. मुखपृष्ठ करण्याआधी ते कोण पाहणार, हे डोळ्यांसमोर आणावं. तो आहे तालुक्याचा दुकानदार. गल्ल्यावर बसलेला, समोर दोन गिऱ्हाइकं उभी, कानाला फोन. त्याच्याकडे अशा पंधरा-वीस याद्या येऊन पडलेल्या असतात. कधी तो यादी स्वतः पाहतो, कधी कामावरच्या पोराला 'ती अमक्याची लिस्ट काढ रे' म्हणतो. त्या पोराला ती ढिगातून चटकन ओळखता आली पाहिजे.

या माणसाचे प्रश्न चार असतात. यादी कुणाची आहे? माल कोणता आहे? भाव कधीपासून लागू आहेत? आणि मागणी कुठं नोंदवायची? या चार प्रश्नांची उत्तरं हातभर अंतरावरून, एका नजरेत मिळाली, की मुखपृष्ठाचं निम्मं काम झालं. आपल्याकडच्या पुष्कळ याद्यांवर 'हार्दिक स्वागत', संस्थापकांचा फोटो, तीन पिढ्यांची नावं आणि दुकानाची इमारत असते. तारीख मात्र शोधूनही सापडत नाही. मग दुकानदार जुन्या भावानं मागणी करतो, नव्या भावाचं बिल येतं आणि वर्षानुवर्षांचा व्यवहार दोनशे रुपयांवरून बिघडतो. म्हणून 'खरीप' किंवा 'दिवाळी' असा हंगाम, वर्ष आणि 'भाव अमुक तारखेपासून लागू' ही ओळ मुखपृष्ठावर ठळक असावी. भाव जीएसटीसह आहेत की जीएसटी वेगळा, हेही तिथंच सांगून टाकावं.

वरच्या बाजूला कुणी 'श्री' लिहितो, कुणी ७८६ लिहितो. श्रद्धेला तिथं जागा असावीच. ती एका ओळीपुरती पुरते.

एक गोष्ट छापखान्यातल्या माणसाला आवर्जून सांगावी. आपल्याकडे बरेच दुकानदार यादीच्या डाव्या वरच्या कोपऱ्याला भोक पाडून ती खिळ्याला किंवा तारेला अडकवतात. तिथं फोन नंबर छापला, तर पहिला बळी त्याचाच जातो. तो कोपरा मोकळा ठेवावा.

चित्र एकच, पण खरं

मुखपृष्ठावर चित्र एकच असावं. बारा वस्तूंचे बारा छोटे फोटो लावले, तर एकही लक्षात राहत नाही. आपला सर्वांत जास्त खपणारा किंवा यंदा नव्यानं आलेला माल निवडावा आणि त्याचा फोटो दिवसाच्या उजेडात, साध्या पार्श्वभूमीवर काढावा. फोटो आपल्याच मालाचा हवा. इंटरनेटवरून उचललेल्या चित्रावर दुसऱ्याचा हक्क असतो. शिवाय चित्रात एक आणि पेटीत भलतंच निघालं, की पुढच्या यादीवर कुणी विश्वास ठेवत नाही. छापण्यासाठी फोटो मोठा लागतो. छापील आकारात इंचाला तीनशे ठिपके, असा हिशेब छापखानेवाले सांगतात. मोबाइलवर फिरून फिरून आलेला फोटो पडद्यावर छान दिसतो आणि कागदावर धुरकट येतो, त्याचं कारण हेच आहे.

अक्षरांचा मान

इंग्रजीत मोठी अक्षरं आणि छोटी अक्षरं अशा दोन लिपी जवळजवळ हाताशी असतात. देवनागरीत तशी सोय नाही. एखादा शब्द उठावदार करायचा, तर त्याचा आकार वाढवा, जाडी वाढवा किंवा त्याच्याभोवती जागा मोकळी सोडा, एवढेच उपाय आहेत. त्यातला मोकळ्या जागेचा उपाय फुकटचा आहे आणि तोच आपण सर्वांत कमी वापरतो. आपल्या अक्षरांना वर वेलांटी, रफार, अनुस्वार असतो आणि खाली उकार, रुकार. म्हणून दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त अंतर लागतं. जागा कमी पडली म्हणून अक्षरं रबरासारखी ताणली किंवा दाबली, की शब्दाचा चेहरा बिघडतो.

अक्षर हाच चेहरा कसा होऊ शकतो, हे पाहायचं असेल, तर कमल शेडगे यांची मराठी नाटकांच्या नावांसाठी काढलेली अक्षरं आठवून पाहावीत. नाटकाचं नाव वाचण्याआधीच त्याचा स्वभाव कळायचा. र. कृ. जोशी यांनी जाहिरातीच्या धंद्यात राहून देवनागरी सुलेखनाचा अभ्यास केला आणि संगणकावर आज सर्वत्र दिसणारा 'मंगल' हा टंकही त्यांनीच घडवला. इतकी श्रीमंत परंपरा असताना आपल्या व्यापाऱ्याच्या यादीवर नाव इंग्रजीत आणि तेही चुकीच्या स्पेलिंगनं का असावं? वणी आणि पांढरकवड्याकडे तेलुगूची सोबत आहे, तांड्यावर गोरमाटी बोलतात, पोडावर कोलामी. या सगळ्यांना दुकानात जोडणारी भाषा मराठी आहे. कंपनीचं नाव इंग्रजीत राहू द्या, पण मालाचा प्रकार, तारीख आणि सूचना मराठीत हवी.

आणखी एक जुनं दुखणं आहे. एका संगणकावर एका टंकात केलेला मजकूर दुसरीकडे उघडला, की जोडाक्षरं फुटतात, रफार भलत्या अक्षरावर जाऊन बसतो. म्हणून शेवटचं प्रूफ कागदावर काढून, मालाची माहिती असलेल्या आणि नसलेल्या अशा दोन माणसांकडून वाचून घ्यावं. पहिल्याला आकड्याची चूक दिसते, दुसऱ्याला अक्षराची.

रंग आणि कागद

रंगीत छपाई निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा या चार शाईंतून होते. पडद्यावर दिसणारा झगझगीत हिरवा किंवा केशरी या चौघांतून तसाच उतरत नाही, हे आधी समजून घ्यावं. पांढऱ्यावर पिवळं अक्षर दिसत नाही. लाल अक्षर हिरव्या पट्टीवर तर मुळीच घेऊ नये. लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट इथं पुन्हा आठवते. रंगांतला फरक नीट न कळणारी माणसं, विशेषतः पुरुष, आपल्या आसपास बरीच असतात आणि अनेकांना ते स्वतःलाही ठाऊक नसतं. लाल-हिरव्याची गल्लत त्यांत सर्वांत जास्त. म्हणून महत्त्वाची गोष्ट केवळ रंगाच्या भरवशावर सोडू नये. रंगासोबत खूण हवी आणि शब्दही हवा.

कागदाबद्दल थोडक्यात. आतली पानं पातळ चालतील, मुखपृष्ठ जाड हवं. हार्डवेअरच्या दुकानात तेलकट हात लागतात, किराण्यात तूप-तेल असतं, तिथं वर प्लॅस्टिकचा पातळ थर, म्हणजे लॅमिनेशन, करून घेतलं तर यादी हंगामभर टिकते. मध्ये पिना मारून शिवायची यादी असेल, तर पानांची संख्या चारच्या पटीत ठरवावी, नाहीतर शेवटी कोरी पानं उरतात.

मुखपृष्ठ तयार झालं, की दोन परीक्षा घ्याव्यात. पहिली, त्याची साधी काळी-पांढरी झेरॉक्स काढावी. दुकानदार एकमेकांना यादी झेरॉक्स करूनच देतात. त्यात नाव, तारीख, फोन वाचता आले पाहिजेत. दुसरी, ते मोबाइलवर अंगठ्याच्या नखाएवढं करून पाहावं. आता यादी व्हॉट्सअ‍ॅपवर जाते आणि उघडण्याआधी ती तेवढीच दिसते. या दोन्हींत जे टिकलं ते मुखपृष्ठ पास.

जिथं यादीत विष असतं

इथपर्यंतचं सगळं कपड्यालत्त्याला, भांड्यांना, वह्या-पेनांना लागू आहे. पण आपल्या जिल्ह्यात मे-जून महिन्यांत सर्वांत जास्त फिरणाऱ्या याद्या बियाणं, खतं आणि कीटकनाशकांच्या असतात. कृषी सेवा केंद्रवाल्याकडे त्यांचा ढीग पडतो. त्यांच्या मुखपृष्ठांवर हिरवीगार पऱ्हाटी, दोन्ही हातांत न मावणारी बोंडं आणि हसणारा शेतकरी असतो. खाली 'इतक्या पेट्यांवर अमुक भेट' अशी योजना असते. ही विषाची यादी आहे, हे मात्र त्या पानावरून कुणालाही कळत नाही.

२०१७ च्या पावसाळ्यात आपल्या जिल्ह्यात काय झालं, ते आपण विसरलेलो नाही. फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो जणांना दवाखान्यात दाखल करावं लागलं. डोक्यापर्यंत वाढलेली पऱ्हाटी, दमट हवा, दोन-तीन औषधांचं मिश्रण, अंगावर संरक्षक साधनं नसणं, अशी अनेक कारणं पुढे आली. हे मुखपृष्ठांमुळे झालं असं मी म्हणणार नाही. पण ज्या मालाला आपण गावात बिनदिक्कत 'औषध' म्हणतो, त्याला विष म्हणून ओळखण्याची जागा कोणती, हा प्रश्न त्या वर्षानं विचारला आहे.

कायद्यानं बाटलीवर ती जागा नेमून दिली आहे. १९७१ च्या कीटकनाशक नियमांप्रमाणे लेबलवर कोपऱ्यावर उभा केलेला एक चौकोन असतो. लेबलच्या दर्शनी भागाचा किमान सोळावा हिस्सा त्यानं व्यापावा, असा नियम आहे. त्याच्या खालच्या त्रिकोणात रंग असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे जास्त विषारी, निळा म्हणजे मध्यम आणि हिरवा म्हणजे त्यामानानं कमी विषारी. वरच्या त्रिकोणात इशाऱ्याचा शब्द असतो, आणि लाल प्रकारात त्याच्यासोबत कवटी आणि हाडांची खूण. रंग, खूण आणि शब्द यांची ही जोड म्हणजे वर सांगितलेल्या तत्त्वाचा नमुनाच आहे. नियम आणखी एक गोष्ट सांगतात. 'सुरक्षित', 'बिनविषारी', 'निरुपद्रवी' असे शब्द लेबलवर वापरता येत नाहीत, 'सूचनेप्रमाणे वापरल्यास' अशी पुस्ती जोडूनही नाही. हिरव्या त्रिकोणाला आपले लोक 'चालतं' असं समजतात. तेही विषच असतं, फक्त तीव्रता कमी.

हे नियम बाटलीच्या लेबलसाठी आहेत. ठोक यादीच्या मुखपृष्ठाला सोळाव्या हिश्श्याचं बंधन नाही. पण मालाची पहिली ओळख बाटलीआधी यादीतून होते, आणि दुकानदाराच्या तोंडून ती शेतकऱ्यापर्यंत पोचते. मँचेस्टरच्या टिकिटासारखाच हा कागद तीन-चार हातांतून जातो. शेवटचा हात पाठीवर पंप घेतलेल्या मजुराचा असतो, आणि यादी त्यानं कधी पाहिलेली नसते. म्हणून आपल्या भागातल्या ठोक विक्रेत्यांना माझं सांगणं आहे, की कीटकनाशकांच्या यादीवर ते चार त्रिकोण आणि त्यांचे मराठी अर्थ मुखपृष्ठावरच छापा. आत प्रत्येक नावापुढे त्याचा रंग शब्दात लिहा, म्हणजे झेरॉक्समध्येही तो हरवणार नाही. हातमोजे, मास्क, चष्मा यांचे भाव कुठल्या पानावर आहेत, ते मुखपृष्ठावर सांगा. भेटवस्तूची योजना आतल्या पानावर गेली, तर धंदा बुडत नाही.

बियाण्यांच्या यादीलाही हेच लागू आहे. पायाभूत बियाण्याला पांढरं लेबल, प्रमाणित बियाण्याला निळं आणि सत्यप्रत बियाण्याला हिरवट, असे रंग ठरलेले आहेत. यादी कोणत्या बियाण्याची आहे, हे मुखपृष्ठावर लिहिलं, तर पाकिटावरचं लेबल ताडून पाहायची सवय दुकानदाराला आणि त्याच्यामुळे शेतकऱ्याला लागेल. बोगस बियाण्याची पाकिटं अस्सल पाकिटांसारखीच सजवलेली असतात. सजावटीवर भुलणाऱ्याला ती फसवतात, लेबल वाचणाऱ्याला फसवणं त्यांना अवघड जातं. आणि 'एकरी विक्रमी उत्पादनाची हमी' अशी ओळ मुखपृष्ठावर घेण्याआधी, पाऊस आपल्या हातात नाही, एवढं आठवावं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं दहा लाख रुपयांपर्यंत दंड ठेवला आहे.

गझलेच्या शेवटच्या शेरात, मक्त्यात, कवी आपलं नाव गुंफतो. म्हणजे वर जे काही म्हटलं, त्याला मी जबाबदार आहे, अशी ती सही असते. यादीचं मलपृष्ठ हा तिचा मक्ता. तिथं दुकानाचं पूर्ण नाव, पत्ता, परवाना क्रमांक आणि तक्रारीसाठी उचलला जाणारा फोन नंबर असावा. पुढच्या हंगामाच्या यादीचं काम छापखान्यात देताना हे मलपृष्ठ आधी लिहायला बसा. खाली आपलं नाव आहे हे डोळ्यांसमोर असलं, की पहिल्या पानावर काय छापायचं आणि काय गाळायचं, हे ठरवायला फार वेळ लागत नाही.